येळवशीचं बोलावणं

मला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. निवडणुका, आरक्षण, शाळांच्या फिया, मोबाइलमध्ये माना घालून बसलेली पोरं, काही विचारा. वीज कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केली, तिथं कुणी मत विचारलं नाही, ते सगळं निवृत्तीनंतर बाहेर पडलं. बायको म्हणते, "तुमच्या तोंडाला कुलूप न्हाय, आन् किल्ली तर कुणालाच ठाऊक न्हाय." खरं आहे.

सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही सहा-सात म्हातारे रोज सकाळी जमतो. आमचा, टपरीवाल्यासकट, मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि त्याचा ॲडमिन मी. त्यात माझा सगळ्यात जुना दोस्त होता. यंत्रमागाच्या कारखान्यात जन्म काढलेला, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे साधं "चहा सांग की बे" म्हणाला तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा.

दिवाळीच्या आधी त्यानं ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. एक पुढारी भलतंसलतं बोलतोय असा. मी लिहिलं, हे संगणकानं बनवलेलं आहे, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तो म्हणाला, डोळ्यांनी बघतोय ते खोटं कसं? मी म्हणालो, डोळ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस गेले. त्यानं मला विकला गेलेला म्हटलं, मी त्याला अडाणी म्हटलं. मग माझं डोकं सटकलं आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. एक बटण दाबायचं असतं. माणसाला दारातून बाहेर घालवायला निदान उठावं तरी लागतं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला. बाकाच्या टोकाला बसला, गपचिप चहा प्याला. कुणीच त्या विषयावर बोललं नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाही. व्हिडिओ खोटाच होता हे पुढं आठवड्यात सगळ्यांना कळलं. म्हणजे मी बरोबर होतो. तेव्हा मला त्याचं मोठं समाधान वाटलं होतं, हे कबूल करतो.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावास्या आमच्या भागात शेतात साजरी करतात. अक्कलकोट रस्त्याला माझं थोडं रान आहे. ज्वारीत कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पुजायचं, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर ताकातली अंबील. त्या दिवशी कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला यायचं तो येतो, रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. बोलावलं तर तो पाहुणा झाला, असं माझे वडील म्हणायचे.

दोस्ताला स्वतःचं रान नाही. तीस वर्षं तो माझ्याच रानात येळवस करत आला. पिकावर अंबील शिंपडत बांधाबांधानं फिरायचं आणि कानडीत आरोळी द्यायची, हे काम त्याचंच. त्याला कानडी धड येत नाही, पण आवाज तसला कुणाचाच नाही.

यंदा मला काय अवदसा आठवली कोण जाणे. पुण्याचे भाचे येणार होते, त्यांना वाट सापडावी म्हणून मी मोबाइलवर झकास निमंत्रण बनवलं. रानाचा फोटो, वेळ, नकाशा. भाच्यांना पाठवलं, आणि हौसेनं आमच्या ग्रुपवरही टाकलं. सगळ्यांचे अंगठे आले. एक माणूस ग्रुपमध्ये नाही, हे मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. म्हटलं, तो काय, येईलच की. त्याला कधी बोलवावं लागलंय?

तो आला नाही. दुपारी एकपर्यंत थांबलो, मग मडकं मीच उचललं. आरोळी दिली, ती पलीकडच्या बांधापर्यंतही पोचली नाही. भाचे हसले. बायको हसली नाही. पंगत उठल्यावर तिनं किटलीत अंबील भरली आणि माझ्यापुढं आदळली. "जावा," म्हणाली.

दिवस मावळायला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. सकाळपासून तसाच बसलाय, असं त्याची बायको म्हणाली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ग्रुपमध्ये परत घेतो तुला, आत्ताच."

"ग्रुप घाल चुलीत," तो म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "व्हिडिओ खोटा हुता. पोरानं दाखवलं मला. तू बरोबर हुतास, त्येचं काय न्हाय. सकाळी बूट घातले, निघालोच हुतो. तेवढ्यात टपरीवाला हितनं गेला, म्हणला, येताय न्हवं, आमाला बोलावणं आलंय. मग बसलो खाली." तो बुटांकडं बघत म्हणाला, "तीस वर्षं तू मला कधी बोलावलं न्हाईस बे, म्हणून मी येत हुतो. यंदा तू सगळ्यांना बोलावलंस."

मी किटली पुढं केली. त्याच्या बायकोनं अंबील काढून घेतली, किटली धुऊन आणली, झाकण लावून माझ्या हातात दिली. तो उठला नाही, जा म्हणाला नाही, बस म्हणाला नाही.

आमच्याकडं नात्यातलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि रिक्षांच्या गर्दीत उभं राहून, भीतभीत झाकण उघडलं. तळाला मूठभर साखर होती. तिथंच मला रडू आलं. ती त्याच्या बायकोनं घातली की त्यानं घालायला सांगितली, हे मी अजून विचारलेलं नाही.