पंखा बंद करणारे काका

वसमतला आमच्या गल्लीत एक काका पंखे दुरुस्त करतात. लोकांचे पंखे फिरते ठेवणारा हा माणूस बुद्धविहारात आला, की कुणाला न विचारता पंखा बंद करतो. वंदना संपेपर्यंत आम्ही घामाने भिजतो. कुणी कुरकुर केली की काकांचं उत्तर ठरलेलं, "वारं तुमाला पायजे, मेणबत्तीला न्हाई." मग खिशातली छोटी कैची काढून काजळी धरलेली वात तेवढी कापतात. मला त्यांचा रागच यायचा.

मागच्या महिन्यात शेजारच्या मावशींचे यजमान वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मावशींनी फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि नेमका तेव्हाच कुण्या पाहुण्याने उभा पंखा सुरू केला. ज्योत गेली. बायका कुजबुजायला लागल्या. मावशींचा चेहरा पार उतरला.

काकांनी आधी पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. वातीतून पांढरा धूर वर चढत होता. त्यांनी काडी पेटवली आणि वातीला न लावता वर, त्या धुरात धरली. ज्योत धुरावरून सर्रकन खाली उतरली आणि वातीवर बसली.

"मेण जळतच न्हाई, वैनी," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याची वाफ बनती, ती जळती. ज्योत गेली तरी वाफ येऊनच राहिली होती. बघा, कुटं गेली न्हाई."

मावशींनी ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. पंखा बंद करायला या वेळी मीच उठलो, आणि घाम पुसत दारही ओढून घेतलं.