उगवतीचं वारं

परशरामअण्णा फोनवर खोटं बोलतात, हे मला भिंतीपलीकडून कळतं. बेळगावात वडगावच्या आमच्या गल्लीत घरं एकाला एक चिकटलेली, आणि अण्णांची नि माझी भिंत एकच. पंचेचाळीस वर्षं हातमागावर बसून त्यांचे कान गेलेत, म्हणून ते फोनचा आवाज पार वर करून ठेवतात. मी मुद्दाम ऐकायला जात नाही. तीस वर्षं मराठी शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झालेल्या बाईला असल्या हौशी नसतात. पण म्हणून काय कानात बोळे घालून बसू?

रोज संध्याकाळी सहाला फोन येतो तो मालुआक्काचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा. गेल्या वैशाखात ती मुलाकडे कलबुर्गीला गेली. मुलगा साईनाथ तिकडे सरकारी नोकरीत, सून रचना बँकेत, आणि तेव्हा बाळ होतं तीन महिन्यांचं. माहेर शहापुरात, सासर वडगावात, त्यामुळे मालुआक्का जन्मभर दोन पेठांच्या बाहेर कधी राहिली नव्हती. "म्हयन्यात येतो," म्हणून मला सांगून गेली. दहा महिने झाले.

फोनवर दोघं फक्त हवेचं बोलतात.

"वारं कसलं हाय?" ती विचारते.

"मावळतीचं. गार हाय. तुज्याकडं?"

"हितं बी बरं हाय. काय त्रास न्हाय."

झालं. मग बाळाचं दोन शब्द, आणि फोन बंद. सगळी थाप. फाल्गुनात कलबुर्गीची हवा बरी असते हे ऐकून तिथली म्हैससुद्धा हसेल. आणि आमच्याकडे मावळतीचं वारं दिवसभर वाहतंय म्हणणाऱ्या माणसाचे ओठ उकललेले मी रोज बघते.

आमच्या बेळगावची गंमत अशी की आम्ही मधल्यामध्ये आहोत. मावळतीला खानापूरचं रान. तिकडून वारं आलं की ओल घेऊन येतं, उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. उगवतीला गोकाक, अथणी, पुढे विजापूर, कलबुर्गी. पिकं निघाली की तिकडची काळी शेतं उघडी पडतात, आणि माघ सरताना त्या शेतांवरून वारं सुटतं. सकाळी दहाला सुरू होतं ते पाचपर्यंत. कानडी लोक बिसी गाळी म्हणतात, म्हणजे गरम वारं. बाकीच्यांना त्याचं काय, ओठ उकलतात, दोरीवरचं धुणं तासात कडकडीत वाळतं, बायका खूश होतात. विणकराच्या घरात मात्र तोंडं उतरतात.

कारण सुताला ओल लागते. हवा कोरडी झाली की मागावर ताणलेल्या सुताच्या तारा ठिसूळ होतात आणि पटापट तुटतात. तुटली तार की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचं. म्हणून या दिवसांत खिडकीला, दाराला ओली पोती लटकवायची आणि मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडत राहायचं. अर्ध्या तासात पोतं वाळतं. ते काम मालुआक्काचं. रहाटावर आडव्या सुताच्या कांड्या भरता भरता ती उठायची, पोतं बादलीत बुचकळायची, पुन्हा टांगायची. चाळीस वर्षांत तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आता अण्णा एकटे. त्यांचा माग खड्ड्यातला, पाय खाली सोडून बसायचं. दर अर्ध्या तासाला दोन्ही हातांवर जोर देऊन वर यायचं, पोतं भिजवायचं, पुन्हा खाली उतरायचं. बासष्टाव्या वर्षी गुडघे ऐकत नाहीत. मी म्हटलं, मी भिजवते. तीन दिवस भिजवलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी पोतं लई पिळताय." मीही म्हटलं, मग बसा तसेच. राग आला मला. आता सांगायला हरकत नाही, दुसऱ्या दिवशी मी वाट बघत होते त्यांच्या हाकेची. हाक काही आली नाही.

माघ सरताना साईनाथ येऊन गेला. पोरगा चांगला आहे, बापाशी वर मान करून बोलत नाही. म्हणाला, "आण्णा, पाडव्यापतोर ठरवून सांगा. आईला आमी कायमचीच ठेवून घेतो, पोरगं शाळंला जाईस्तोवर तरी. तुमी बी चला. माग कुणाला तरी देऊन टाका." अण्णा म्हणाले, बघू.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी फोनवर हवेचं बोलून झालं तरी मालुआक्काने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "साईनाथ काय म्हणतोय ते ऐकलासा न्हवं? मी त्येला सांगितलंय, त्येंचं माज्यावाचून अडत असंल तर मी जाणार. न्हाय अडत तर ऱ्हातो हितंच. तुमचं अडतंय का?"

भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडता निवडता माझा हात थांबला.

"माजं काय अडतंय," अण्णा म्हणाले. "वारं गार हाय. तार तुटत न्हाय."

मला वाटलं, जाऊन त्यांच्या हातातला फोन काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेच मी. म्हटलं, "अण्णा, खरं बोलायला तुमचं काय जात होतं?"

ते खड्ड्यात बसून तार सांधत होते. वर न बघता म्हणाले, "बाई, तितं ती सकाळी उटल्या उटल्या नातवाचं तोंड बगती. हितं काय हाय? पोतं भिजवायला बोलवू व्हय तिला?"

मला आणखीच राग आला, आणि मी चहाचा कप तसाच ठेवून घरी आले.

त्यांच्या लग्नापासून एक रीत आहे. पाडव्याला मालुआक्का जी साडी नेसते ती अण्णांच्या मागावरची. साड्या कितीतरी विणल्या आणि व्यापाऱ्याला दिल्या, पण माघात मागावर उभ्या सुताचा ताणा लागला की त्यातली एक तिची. यंदाही त्यांनी लावली. हिरवी कांद्याच्या पातीसारखी, काठ लाल. चार दिवसांचं काम, सतरा दिवस चाललं. मला दुपारी पडायची सवय आहे, आणि त्या मागाच्या खटखटीतच मला झोप लागते. आवाज थांबला की डोळे उघडतात. त्या सतरा दिवसांत मी धड एक डुलकी काढली नाही. खटखट, मग गप्प. खटखट, पुन्हा गप्प. त्या गप्पपणात एक माणूस एकट्याने तुटलेलं टोक शोधत असायचा. मी छताकडे बघत पडून राहायची आणि आवाज सुरू झाला की हायसं वाटायचं. माझं घरही रिकामंच आहे म्हणा.

पाडव्याला आठवडा होता तेव्हा मी कलबुर्गीला निघाले. माझी बहीण तिकडे दिलेली, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी साडी आणून दिली. माझ्यासमोरच ओट्यावर बसून त्यांनी ती उलटीपालटी केली, छोट्या कात्रीने गाठींची राहिलेली शेपटं कापली, तळहात फिरवला, घडी घातली. मी चष्मा लावून बघितलं. मला एक दोष दिसला नाही.

"तिनं इचारलं तर वारं गार हाय म्हणून सांगा," ते म्हणाले.

"मी खोटं सांगणार नाही."

"मग काय बी सांगू नका." घडी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "पाया पडतो, बाई."

एवढं म्हटल्यावर मी काय करणार? कबूल केलं.

बहिणीचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी साडी घेऊन मी साईनाथच्या घरी गेले. रिक्षात पदराने तोंड बांधून बसले होते तरी वारं गालाला भाजत होतं. आमचं उगवतीचं वारं याच्यापुढे लेकरू. बिल्डिंगचा तिसरा मजला. मालुआक्काने दार उघडलं आणि मला बघून तिथेच उंबऱ्यावर उभी राहिली, आत ये म्हणायचंही विसरली.

घरात अंधार. सगळ्या खिडक्या बंद, नोकरीवाली दोघं कामावर, बाळ झोळीत झोपलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र एक ओलं पोतं टांगलेलं होतं. खाली बादली.

"हे कशाला?" मी विचारलं. "इथे कुठे माग आहे?"

"हात ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "सून म्हणती, कूलर हाय की. म्हटलं, असू दे गं."

ती बारीक झाली होती. चाळीस वर्षं माझ्याशी भांडणारी, गल्लीत कुणाला ऐकून न घेणारी बाई, दिवसभर बोलायला कुणी नसल्यामुळे हळू आवाजात बोलायला लागली होती. बाजूची माणसं कानडी बोलतात, पण तिथली कानडी तिला नीट कळत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी साडी तिच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, घे, तुझी पाडव्याची.

तिने घडी उलगडली. रंग बघितला नाही, काठ बघितला नाही. कापड उलटं केलं आणि त्यावरून अंगठा फिरवायला लागली. डोळे बाळाच्या झोळीकडे, अंगठा सावकाश पुढे सरकतोय. एका जागी थांबला. पुढे गेला, पुन्हा थांबला. तिचे ओठ हलत होते. मला आधी कळेना. मग कळलं, ती गाठी मोजत होती.

दुसऱ्या कुणाला ही साडी दिली असती तर पत्ता लागला नसता. अण्णा विसरले की ही चाळीस वर्षं तेच सूत बोटांतून सोडत आली आहे. पाय बाहेर ठेवून पडद्यामागे लपणाऱ्या पोरासारखं झालं त्यांचं.

"येका वितीत चौदा गाठी," ती म्हणाली. "येरवी त्येंच्या आख्ख्या साडीत चौदा नसत्यात." मग माझ्याकडे बघितलं. "बाई, पोतं वाळल्यालं हाय न्हवं?"

मी अण्णांना शब्द दिला होता. मी झोळीला हलका झोका दिला. तिने पदराचं टोक हातात घेतलं, तिथेही अंगठा फिरवला, आणि साडीत तोंड खुपसून रडली. आवाज नाही, बाळ जागं होईल म्हणून.

मग उठून तोंड धुतलं आणि स्पीकरवर फोन लावला. दुपारचे तीन वाजले होते. या वेळेला तिचा फोन कधीच नसतो. पलीकडून अण्णांचा घाबरलेला आवाज आला, "काय झालं गं? पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय," ती म्हणाली. "वारं कसलं हाय?"

"गार हाय. मावळतीचं..."

"साडी आली," ती म्हणाली. "आता सांगा. वारं कसलं हाय?"

खिडकीवरच्या पोत्याचं पाणी बादलीत ठिबकत होतं.

"उगवतीचं हाय, मालू," अण्णा म्हणाले. "लई तुटतंय."

"व्हय," ती म्हणाली. "बाईंच्या संगट परवा येतो मी. साईनाथला सांगतो, पोराला घिऊन सुट्टीला तुमीच या म्हणून. तवर येक पोतं तेवडं भिजवून ठेवा."