खुर्ची थांब्यावर राहिली

बापू, तीर्थपुरी सोडली त्या सकाळी तुझ्या वहिनीला मी दोन्ही हातांवर उचलून जीपमध्ये बसवलं. लकव्यानं तिचे पाय गेले होते. ओट्यावरच्या बायकांनी डोळे पुसले. "असा नवरा मिळायला नशीब लागतं," कुणीतरी म्हणालं. माझ्या हातांवर सुमननं मात्र डोळे मिटून घेतले होते. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मुंबईत मुलानं तिला चाकाची खुर्ची आणली. इथं ओटा नाही. शेजारी भेटले तर लिफ्टमध्ये. पण त्याच लिफ्टनं ती स्वतः चाकं फिरवत खाली जायची, भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची. एक दिवस म्हणाली, "समुद्र पाहून येऊ. बसला फळी असती म्हणे, खुर्ची सरळ आत जाती."

बस आली. कंडक्टर फळी उघडायला वाकला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, अख्खी बस आमच्याकडं बघत होती. आपले वडील, आबा म्हणायचे, "आपल्या माणसाचं ओझं परक्यावर टाकू न्हाई." तेच माझ्या डोक्यात. "राहू द्या," म्हणालो आणि तिला उचललं.

"अहो, उचलू नका! मी काय कापसाचं गठुडं हाय का?"

मी ऐकलं नाही. तिला सीटवर बसवून वळलो, तोवर दार लागून बस निघाली होती. खुर्ची खालीच.

"माझी खुर्ची!" अशी ती लकव्याच्या दिवशीही ओरडली नव्हती.

पुढच्या थांब्यावरच्या बाकावर तिला एकटीला ठेवून मी मागं पळालो. खुर्ची रस्त्यात आडवी पडली होती, एक चाक टेम्पोखाली चेपलेलं. परत येताना एकच धास्ती, ती बाकावर असेल ना? होती. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून. टॅक्सीत बसवताना पुन्हा उचलावंच लागलं; तिनं तोंड फिरवलं. नवी खुर्ची येईपर्यंत ती खोलीबाहेर पडली नाही.

तुम्हाला फोनवर मी सांगितलं, शहरात माणुसकी नाही, कंडक्टरनं खुर्ची घेऊ दिली नाही. ते खोटं होतं. त्याचा हात फळीवर होता, मीच नको म्हणालो.

आता ती एकटी बसनं समुद्रावर जाते. फळी उघडेस्तोवर लोक घड्याळं बघतात, ती कुणाकडं बघत नाही. ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

परवा तू पोळ्याला बोलावलंस. "पायऱ्यांचं काय दादा, आम्ही चौघं हाओत की. वहिनीला उचलून आत नेतो." फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "चौघांनी उचलायचा दिस यायचाय अजून."

बापू, दारातल्या त्या दगडी पायऱ्या फोडून मला तिथं उतार करायचाय. आबांच्या हातच्या म्हणून तू अडवशील, ठाऊक आहे. पण तिला स्वतःहून आत शिरता येत नसेल, तर ते घर माझंही नाही. हो की नाही, ते कळव. तिकीट काढलेलं नाही.