चार बोटं दुमड

माझी भावजय विनता दाणी हिच्याबद्दल लिहायला बसले की आधी राग येतो. तिचाही येतो, पण तो शेवटी सांगते. आधी बाकीच्यांचा.

जबलपूरला नेपियर टाउनमध्ये एक दातांचा दवाखाना आणि एक कोचिंग क्लास यांच्या मधल्या गाळ्यात तिचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवते. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि हाताखाली बेबी तायडे आणि प्रणाली अशा दोन बायका. वेदांग, तिचा मुलगा, पाळण्यात होता तेव्हापासून हे चाललं आहे. पण आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांत नोकरी म्हणजे काम. संरक्षण खात्याची फॅक्टरी, रेल्वे, नाहीतर केंद्र सरकारचं ऑफिस. दुकान म्हणजे बाईमाणसाचा वेळ जावा म्हणून केलेली सोय. माझा भाऊ विष्णू फॅक्टरीत होता. "विनता घरी कंटाळते, म्हणून शिवते जरासं," असं तो पाहुण्यांना हसत सांगायचा, आणि त्याच महिन्यात वेदांगच्या कॉलेजची फी त्या जराशा शिवण्यातून भरली जायची. मी तिथल्या तिथे त्याला सुनवायची. त्याने कधी मनावर घेतलं नाही.

विनताच्या हाताला एक खोड आहे. स्कर्ट असो की पँट, खालच्या बाजूला आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायचं. वर्षभरात मूल वाढलं की आईबाप तोच कपडा घेऊन येणार, ही टाके उसवणार, दुमड खाली सोडणार, इस्त्री फिरवणार, आणि कपडा आणखी एक वर्ष चालणार. धाकटी बहीण असली तर तिलाही होणार. या उसवण्या-शिवण्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. "काकू, जरा सोडून द्या ना," म्हणत लोक यायचे आणि वर चहा पिऊन जायचे. मी तिला म्हणायची, कापड तुझं जास्त लागतं, मेहनत तुझी जास्त लागते, आणि गिऱ्हाईक एक वर्षाआड येतं, हा काय धंदा झाला? ती म्हणायची, "येतं ना पण."

तिचं निम्म्याहून जास्त काम आमच्या भागातल्या एका खासगी शाळेचं होतं. शाळेचं नाव घेत नाही, तेवढी तिची लायकी नाही. तिथे नवा डायरेक्टर आला आणि त्याने विनताला बोलावून घेतलं. पुढच्या सत्रापासून गणवेशाचा चौकडा बदलणार, ते कापड बाजारात मिळणार नाही, आणि गणवेश एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यावा लागेल. ते दुकान तुमचं असू शकतं, म्हणाला. अटी दोन. प्रत्येक गणवेशामागे शाळेचा वाटा, आणि दुमड बंद. दुसरी अट सांगताना तो चांगला हसला म्हणे. "मैडम, एक साल का कपड़ा बनाइए ना. बच्चे बढ़ेंगे तो माँ-बाप फिर आएँगे. इसमें आपका भी फायदा है."

हे सगळं तिने मला दुपारी मेथी निवडताना सांगितलं आणि पुढे हळूच म्हणाली, की मी हो म्हणून आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला वाटा द्यायचा, आणि लेकरांचे कपडे मुद्दाम तोकडे शिवायचे? मी वाट्टेल ते बोलले. ती मेथी निवडत राहिली.

"ताई, नाही म्हटलं तर बेबीले अन् प्रणालीले काय सांगू?" ती म्हणाली. "कुठं जातील त्या?"

तिचं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

शाळेने नमुन्यासाठी कापड पाठवलं. तिने एक स्कर्ट शिवून दिला. तीन-चार दिवसांत तो परत आला, खालची शिवण उसवलेली. आत चार बोटं दुमड होती. डायरेक्टरने चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात कळलं की काम रेडिमेड कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाला गेलं. मी तिला विचारलं, काहून केलंस असं? "हात गेला," एवढंच म्हणाली. हात आपोआप गेला की तिने जाऊ दिला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विष्णू म्हणाला, एवढंसं कापड कापता आलं नाही का तुला. त्या दिवशी मी त्याच्या घरी जेवले नाही.

अजून एक वाट होती. शाळेने मार्चमध्ये पालकांची सभा ठेवली होती. पालकांनी तिथे ठामपणे सांगितलं असतं की कापड बाजारात येऊ द्या, आम्ही हवं तिथे शिवून घेऊ, तर त्या डायरेक्टरला ऐकावं लागलं असतं. म्हणून विनता भय्यासाहेब किलेदारांकडे गेली. आमच्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गणपतीत आरतीचं ताट पहिलं त्यांच्या हातात. त्यांच्या दोन्ही मुलांचे गणवेश विनताने शिवले, आता नात चिन्मयी त्याच शाळेत. त्या घरासाठी तिने किती दुमडी फुकट सोडल्या असतील, देव जाणे. भय्यासाहेबांनी तिला बसवून सरबत दिलं. "मी उभा राहतो," म्हणाले. "माझं बोलणं कोणी टाळणार नाही." ती हसतमुखाने घरी आली. फार दिवसांनी तिला तसं पाहिलं.

बेबीची मुलगी संपदा त्या शाळेत सरकारी कोट्यातल्या बिनफीच्या जागेवर शिकते. बेबी सभेला एकटी जायला बिचकत होती, म्हणून मी सोबत गेले. हॉल गच्च भरला होता, आणि त्यातले निम्मे चेहरे विनताच्या दुकानात चहा प्यायलेले. डायरेक्टरने पडद्यावर नव्या गणवेशाचे फोटो दाखवले, एकसारखेपणाचे फायदे सांगितले, आणि कोणाची काही हरकत आहे का असं विचारलं. कोणी हललं नाही. मग बेबी उभी राहिली. "सर, कपड़ा बाज़ार में भी मिलने दीजिए. हम सिला लेंगे."

डायरेक्टर म्हणाला, "आपकी तो फीस भी नहीं लगती. फिर भी शिकायत?"

पुढच्या रांगेतले काही जण हसले. मी ताडकन उठले आणि बोलायला लागले, तर तुम्ही पालक आहात का असं विचारून मला खाली बसवलं. मी भय्यासाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. सभा संपेपर्यंत पुसतच राहिले. बाहेर आल्यावर माझ्या जवळ येऊन म्हणाले, "चिन्मयीला अजून पाच वर्षं तिथंच काढायची आहेत. उगीच शाळेच्या डोळ्यावर काहून यायचं?" मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नागपूरला शिकले आहे मी, मला सगळे शब्द येतात.

एप्रिलमध्ये दरवर्षी दुकानाबाहेर स्कूटरची रांग लागायची. त्या वर्षी कुत्रं फिरकलं नाही. प्रणाली एका मॉलमध्ये कामाला लागली, जाताना विनताच्या गळ्यात पडून रडली. जबलपूरजवळच्या पाटन गावातल्या एका दुकानदाराकडून सरकारी शाळांच्या साध्या निळ्या स्कर्टचं काम मिळालं, त्यावर दुकान कसंबसं तगलं. तो माणूस म्हणायचा, दुमड चार नाही, सहा बोटं ठेवा, आमच्याकडे एक स्कर्ट तीन बहिणी घालतात. विनताला ते फार आवडलं. मला त्यातून मिळणारा पैसा दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता.

वेदांग इंग्लंडात लीड्सला असतो. व्हिडिओ कॉलवर तो सांगायला लागला, की तिकडे सरकारनेच शाळांना सांगितलं आहे, शाळेचा बिल्ला असलेले कपडे कमीत कमी ठेवा, बाकीचे लोकांना कुठल्याही दुकानातून घेता आले पाहिजेत. आणि त्याच्या गल्लीत एक पोलंडची बाई आहे, ती नवीन काहीच शिवत नाही, फक्त कपडे लांब-आखूड करते, आणि तिचं उत्तम चाललं आहे. तिकडे कापड स्वस्त आणि हात महाग. मी म्हटलं, बाबा रे, तिकडचं कौतुक राहू दे. इथे कापडाचे पैसे देताना कोणी कुरकुरत नाही, हाताचे मागितले की लगेच नातं काढतात. विनताने मात्र त्याला एकच विचारलं. ती बाई भाव तोंडाने सांगते की पाटीवर लिहिते? पाटीवर, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली. लांब करणे, आखूड करणे, चेन बदलणे, प्रत्येकाचा भाव. विष्णूला लाज वाटली. ओळखीच्या बायकांना तर धक्काच बसला. विनता बदलली, पैशाच्या मागे लागली, असं हळदीकुंकवाला बोललं गेलं. या बायका मॉलमध्ये पिशवीचे वेगळे पैसे देतात आणि ब्र काढत नाहीत. पण हळूहळू लोक येऊ लागले. क्लासची पोरं जीन्स घेऊन यायची, दवाखान्यातल्या नर्स यायच्या. बेबीचा पगार थांबला नाही.

डिसेंबरमध्ये भय्यासाहेब आले. हातात पिशवी, पिशवीत नव्या चौकड्याचा स्कर्ट. मी दुकानातच होते. चिन्मयीची उंची वाढली होती, स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला होता, आणि शाळेने तिला त्यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. ज्या शाळेने तोकडे कपडे विकले, त्याच शाळेने. विनताने स्कर्ट उलटा केला. खाली जेमतेम करंगळीएवढी दुमड. "इथून सोडायला काही नाही," ती म्हणाली. "कमरेकडून साधी पट्टी जोडते. वरून स्वेटर येतो, दिसणार नाही. दीडशे रुपये."

भय्यासाहेब हसले. "अगं, आपण तर घरचेच ना."

विनताने आवाज चढवला नाही. मी चढवला असता. "भय्यासाहेब, त्या दिवशी बेबी उभी राहिली. तुम्ही राहिले असते, तर तुमच्याकडून मी जन्मभर काही घेतलं नसतं."

बेबी मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही, पण मान खाली घातली. भय्यासाहेबांनी खिशातून पैसे काढले, टेबलावर ठेवले आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, इतक्या वर्षांत या बाईला आज धंदा जमला. मी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी समोसे आणले.

दुसऱ्या दिवशी स्कर्ट तयार होऊन टेबलावर पडला होता. पट्टी छान बसली होती. मी सहज तिच्या कडेवरून बोट फिरवलं, तर आत काहीतरी जाड लागलं. उलटून पाहिलं. कमरेच्या त्या पट्टीतही तिने दोन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी सोडण्यासाठी. त्या माणसाच्या घरासाठी. मी स्कर्ट टेबलावर आपटला आणि म्हटलं, आता म्हण, हात गेला.

विनताने तो उचलला, झटकला आणि नीट घडी घातली.

"ताई," ती म्हणाली, "पोरगी तर वाढून राहिली ना."