मासे कापायच्या लादीतली पांढरी रेघ

थळच्या आमच्या घरामागे दादाने मासे कापायला शहाबादी लादी बसवून दिली, तेव्हाच तिच्यातली पांढरी रेघ माझ्या डोळ्यांत खुपली. दादा माझा थोरला भाऊ, पेशाने गवंडी. तो म्हणाला, "फुटलेली न्हाय ती. दगडाची शीर हाय." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तडा चुन्याने बुजवलाय झालं.

मासे कापले की वास जायला आम्ही लादीवर कोकमाच्या सोलांचं पाणी ओततो. वर्षभरात रेघ खोल गेली, सुरीचं टोक अडकायला लागलं. माझी खात्रीच पटली. भाऊबीजेला, भरल्या घरात, मी बोलून बसले की सख्ख्या बहिणीला तडकलेली लादी दिलीस. दादा अर्ध्या ताटावरून उठला. त्यानंतर त्याने आमच्या दारात पाय ठेवला नाही.

लेक अलिबागला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. परवा ती लादीपुढे उकिडवी बसली. म्हणाली, हा चुनखडक. जमिनीखाली असताना वरच्या थरांचं ओझं आलं की दाबाच्या जागी तो पाण्यात विरघळतो, आणि विरघळलेला चुना जवळच्या भेगेत जाऊन पुन्हा घट्ट बसतो. तीच ही रेघ. मला काही केल्या कळेना. दाबाने दगड फुटेल, विरघळेल कसा? तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा गोंधळले. मग तिने शेजारची काळी, करवतीच्या दात्यांसारखी रेघ दाखवली. मी ती कधी पाहिलीच नव्हती. दगड गेला तो इथून, म्हणाली, न विरघळलेली माती तेवढी मागे राहिली. म्हणजे मी जिला तडा म्हणत होते ती भरलेली, आणि जिथून खरंच काही गेलं तिथे माझं लक्षच नव्हतं.

मग ती रेघ खोल कशी झाली, मी विचारलं. तिने रेघेवर सोलांच्या पाण्याचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. आंबटाने चुना झिजतो, आणि रेघेत निव्वळ चुनाच, म्हणून ती बाकी दगडाच्या आधी झिजली, ती म्हणाली. खोल मीच केली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच दादाला फोन लावला, सगळं सांगितलं, चुकले म्हटलं.

"पोरीनं सांगितलं म्हून पटलं तुला," तो म्हणाला. "मी सांगितलेलं तवा न्हाय."

येतो असं तो म्हणाला नाही, येणार नाही असंही नाही. आणि ये म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, तेही मला कळेना.