कोणत्या पोपचा पाद्री

इतरांना सोयरेधायरे पाठ असतात, तसे बेनिनकासाला पोप पाठ होते. डोंगरावरच्या आमच्या मोन्तेकार्वो गावात तो पाद्र्याच्या हाताखाली होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी मोठी मेणबत्ती पेटली की तिचं गाणं गायचा मान त्याचा. गाण्याच्या शेवटी तीन नावं येतात: पोपचं, बिशपचं आणि सम्राटाचं. त्यात चूक झाली तर वर्षभर गावाची प्रार्थना भलत्याच दारी जाते, असं आमच्याकडे मानतात. म्हणून बेनिनकासाला भाव होता, आणि आपल्याला भाव आहे हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

विचारलं तर तो समजावून सांगायचा, न विचारता जरा जास्तच. गादीवर बसताना पोप आईबापांनी ठेवलेलं नाव टाकतो आणि जुन्या कुणा पोपचं घेतो, तेव्हा नुसतं नाव घेऊन भागत नाही, कितवा ते माहीत हवं. जर्मनांचा राजा रोममध्ये मुकुट घालेपर्यंत राजाच, सम्राट नव्हे. बायका ऐकून घेत आणि घागर उचलून चालू पडत.

मग एका गादीवर दोन पोप बसले. पोप एड्रियन वारला, त्यानंतर काहींनी अलेक्झांडरला निवडलं, काहींनी व्हिक्टरला. सम्राट फ्रेडरिकने व्हिक्टरची बाजू घेतली. आमच्या किल्ल्यात सम्राटाचा कारभारी होता, म्हणून आमचाही व्हिक्टर. तो मेला, पास्कल आला. पास्कल मेला, कॅलिक्स्टस आला. दर वेळी बेनिनकासाने गाणं लिहिलेल्या चामड्यावरचं जुनं नाव चाकूने खरवडलं आणि त्याच जागी नवं लिहिलं. गावातले टवाळ त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय बेनिनकासा, आज कुणाचं राज्य?" आम्हा गरिबांची गत अशी, की आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

पुष्कळ वर्षांनी व्हेनिसमध्ये सम्राट फ्रेडरिक पोप अलेक्झांडरच्या पाया पडला आणि भांडण मिटलं. मिटलं ते मोठ्यांचं. आमच्याकडे नव्या बिशपचा माणूस आला आणि त्याने चर्चच्या पायरीवरून सांगितलं, की खोट्या पोपांच्या बिशपांनी ज्यांना दीक्षा दिली ते पाद्री मुळात पाद्रीच नव्हेत. बेनिनकासाची दीक्षा एड्रियनच्या काळातली, तिला धक्का नव्हता. पण आमचा पाद्री रुस्तिको व्हिक्टरच्या बिशपचा. त्याने अंथरूण गुंडाळलं आणि कुणाकडे न बघता तो डोंगर उतरून गेला.

उगोलिनो गिरणीवाल्याला मरताना पापांची क्षमा दिली होती ती याच रुस्तिकोने. उगोलिनो हा बेनिनकासाच्या बहिणीचा, अल्तादोन्नाचा नवरा. पास्कलच्या काळात तो तापाने गेला होता. पण बिशपचा माणूस येऊन गेला त्या आठवड्यापासून तो अल्तादोन्नाला दिसायला लागला.

एका दुपारी ती चर्चमध्ये आली. बेनिनकासा मेणबत्त्यांची घरं घासत होता. ती त्याच्याजवळ जमिनीवरच बसली.

"दादा, तो दारात उभा असतो. पापण्यांवर पीठ, अगदी तसंच. आत ये म्हटलं तर येत नाही."

बेनिनकासाने फडकं खाली ठेवलं.

"रुस्तिको पाद्री नव्हता, तर क्षमा दिली कुणी?" ती म्हणाली. "तुला सगळ्यांची नावं माहीत आहेत. मला एवढंच सांग, माझा माणूस सुटला की नाही?"

या प्रश्नाचं खरं उत्तर बेनिनकासाला माहीत नव्हतं. जन्मभर नावं खरवडली आणि लिहिली, पण त्या नावांच्या खाली माणसं मरत असतात हा विचार त्याने कधी केला नव्हता. तो घाबरला, आणि बहिणीचं तोंड त्याला बघवेना. मग तो खोटं बोलला. म्हणाला, रुस्तिको आतून अलेक्झांडरचाच होता. डोंगरापलीकडे जाऊन त्याने अलेक्झांडरच्या बिशपकडून गुपचूप पुन्हा दीक्षा घेतली होती, उगोलिनोच्या तापाच्या आधीच. "मी स्वतः होतो बरोबर," असंही वर म्हणाला.

अल्तादोन्ना रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. त्या दिवसापासून उगोलिनो तिला दिसला नाही. इतकी वर्षं ती दर सोमवारी त्याच्या नावाने चर्चच्या दारात भिकाऱ्यांना भाकरी आणि उकडलेले वाल वाटायची; असं वाटलेलं मेलेल्याच्या पोटात जातं, असं आमच्याकडे मानतात. ते तिने बंद केलं. सुटलेल्याला शिदोरी कशाला, असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात काही चूक नव्हती.

ईस्टरचा आदला दिवस आला. बेनिनकासाने चामड्यावर अलेक्झांडरचं नाव लिहिलं आणि गायला उभा राहिला. आवाज छान लागला होता. पोपच्या नावाशी आला आणि त्याची नजर दाराकडे गेली. दाराबाहेर उन्हात उगोलिनो उभा होता. जात्याची घरघर ऐकताना मान कलती करायचा तशी केलेली, पापण्यांवर पीठ. बेनिनकासाने अलेक्झांडरचं नाव घेतलं. उगोलिनो हलला नाही. सम्राटाचं नाव घेतलं, तरी नाही. त्याला या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. तो बेनिनकासाकडे बघत होता, जेवणवेळी दारात आलेला माणूस बघतो तसा.

मग तो रोजच येऊ लागला. बेनिनकासा वाळला. लोक म्हणाले, म्हातारपण. खरं बोलावं तर बहिणीचा जीव पुन्हा टांगणीला लागणार, न बोलावं तर तिच्या नवऱ्याला भाकरीचा तुकडा मिळणार नाही. शेवटी एका सोमवारी त्याने स्वतःच टोपली भरली आणि चर्चच्या दारात वाटायला बसला.

अल्तादोन्ना घागर घेऊन चालली होती. भावाला पाहून थांबली. त्याने जन्मात कुणाला भाकरी वाटलेली तिने पाहिली नव्हती.

"कुणाच्या नावाने, दादा?"

एखाद्या पोपचं नाव सांगून सुटता आलं असतं. पण पापण्यांवर पीठ घेऊन दारात उभा असलेला तो ऐकत होता.

"उगोलिनोच्या," बेनिनकासा म्हणाला.

अल्तादोन्नाने घागर खाली ठेवली.  तिला रिकामा दिसणाऱ्या उंबऱ्याकडे ती वळली.

"म्हणजे तो सुटलाच नव्हता," ती म्हणाली. "मीच त्याला उपाशी ठेवलं."