बसमध्ये निकाल सांगायचा नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. त्याच रागाच्या भरात एका जानेवारीत मी लेकीचं नाव तिच्या शाळेच्या फुटबॉल टीममधून काढून घेतलं. ती सोळाव्या वर्षात होती, ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची परीक्षा त्याच वर्षी होती आणि गणितात कमी गुण पडलेला पेपर माझ्या हातात होता. टीचरना मेल केला, तिला नंतर सांगितलं. ती भांडली नाही, रडलीही नाही. फक्त माझ्याशी बोलायची थांबली. जेवायला हाक मारली की यायची, विचारलं तर "हं" म्हणायची. बायको म्हणाली, "दोन दिवसांत निवळेल." दीड महिना झाला तरी काही निवळलं नाही.

मी सिंगापूरला, जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत इंजिनिअर आहे. दिवसपाळी असली की पहाटे कंपनीची बस, घरी परत यायला सव्वाआठ. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी घरी आलो तर लेक टीव्हीसमोर होती. युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची बाद फेरी सुरू झाली होती. ते सामने इथे पहाटे दिसतात, आणि शाळेच्या दिवशी पहाटे उठायला तिच्या आईची सक्त मनाई. म्हणून तिने तिच्या लाडक्या क्लबचा सामना रेकॉर्ड केला होता आणि दिवसभर निकाल कानावर पडू न देता संध्याकाळी बघत होती. मी हात-पाय धुऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. ती उठून गेली नाही, एवढ्यानेच मला बरं वाटलं.

मी क्रिकेटवाला माणूस. फुटबॉलचं ज्ञान बेताचंच. सामना बरोबरीत संपला, तसं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे दोघांना एकेक गुण."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, नॉकआउट आहे लाह! इथे पॉइंट्स नसतात. दोन मॅच, टोटल गोल्स. हरला की घरी."

दीड महिन्यातलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य, तेही इथल्या पोरांच्या 'लाह'सकट. पुढची दहा मिनिटं ती मला ऑफसाइड समजावत होती, आमटीची वाटी आणि मिठाच्या डबीने. मला फारसं कळलं नाही, पण मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.

दुसऱ्या सामन्याआधी तिने नियम घालून दिला: दोघांनी मिळून बघायचा, आणि तोवर निकाल कळून घ्यायचा नाही. ती त्या दिवशी फोन घरी ठेवून शाळेत जायची. बायकोला तांजोंग पगार भागातल्या तिच्या ऑफिसात निकाल हमखास कळायचा, पण ती संध्याकाळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. वर तिने दिवाणखान्यात ताट घेऊन बसायची परवानगी दिली, जी आमच्याकडे पाहुण्यांनाही नाही. मी सामन्याच्या आठवड्यांत दिवसपाळी मागून घेऊ लागलो. प्लांटवर फोनची चिंता नव्हती, तो गेटवरच जमा करावा लागतो. खरा धोका बसमध्ये होता. चाळीस माणसं, त्यातली निम्मी पहाटे सामना बघून लाल डोळ्यांनी चढणारी.

म्हणून मी प्लांटवर कानात घालायचे नारिंगी इअरप्लग घालूनच बसमध्ये चढलो. आमचा ड्रायव्हर साठीतला चिनी गृहस्थ. आम्ही सगळे त्याला अंकल म्हणायचो. त्याने कानाकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, काय झालं? मी एक बोळा काढून खरं ते सांगितलं. लेक बोलत नव्हती, आता सामन्यापुरती बोलते, आणि सामना आम्ही आज संध्याकाळी बघणार आहोत. अंकलने मान हलवली. पुढच्या थांब्यावर बस उभी केली, मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "लिसन, एव्हरीबडी. टुडे नो फुटबॉल टॉक. हिज डॉटर नॉट वॉच येट."

मला वाटलं, सगळे हसतील. दोघेतिघे हसलेही. पण कोणी बोललं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या प्रत्येक सामन्याच्या सकाळीही नाही. मलय टेक्निशियन, तमिळ फोरमन, माझ्याच पाळीतली पोरं, ज्यांच्यावर मी रोज डाफरतो, ती सगळी खिडकीबाहेर बघत गप्प बसून यायची. त्यांच्या क्लबने चार गोल मारले असले तरी गप्प. मी प्लग घालणं सोडून दिलं. या माणसांनी माझ्यासाठी जे केलं, त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. इथे मानतो.

आमचा क्लब ती फेरी जिंकला. नंतर उपांत्यपूर्व फेरीही. एव्हाना मी पंचांवर असा ओरडू लागलो होतो की शेजारच्या फ्लॅटमधून एकदा दार ठोठावलं गेलं. लेक हसून लोळायची. सामन्याव्यतिरिक्तही दोन शब्द बोलू लागली होती. पण टीमचा विषय तसाच होता. मी तिला न विचारता तो मेल केला, ते चुकलं होतं. हे मला कळलं होतं, पण जिभेवर येत नव्हतं. पुढच्या सामन्याला सांगू, असं मी दर वेळी ठरवत होतो. पुढचा सामना होता, तोवर घाई नव्हती.

उपांत्य फेरीतला पहिला सामना आम्ही एका गोलने हरलो. दुसऱ्या सामन्याच्या सकाळी बसमध्ये चढलो, तर अंकलने नेहमीसारखी मान हलवली नाही. तोही आमच्याच क्लबचा चाहता. त्याने डॅशबोर्डच्या हुकाला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. दोरी बांधलेली, गरम, दूध घातलेली कॉफी; इथे टपरीवर कॉफी अशी पिशवीतच बांधून देतात. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी काही दिलं नव्हतं.

"ड्रिंक स्लोली, आह," तो म्हणाला.

त्याने नियम मोडला नव्हता. निकालाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण घरात काही वाईट घडलं की माणूस जसा चहा आणून ठेवतो, तशी ती कॉफी होती. मी जागेवर जाऊन बसलो. आम्ही हरलो होतो. आता पुढचा सामना नव्हता. जे बोलायचं ते आजच, नाहीतर उद्यापासून पुन्हा "हं."

संध्याकाळी सामना सुरू झाला. विसाव्या मिनिटाला आमच्या क्लबने गोल केला, एकूण बरोबरी. लेक सोफ्यावर उभी राहून नाचली, मला हात धरून उठवू लागली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मध्यंतर झालं, ती ताटातला भात चिवडत म्हणाली, "बाबा, आपण फायनलला जाणार!"

मी टीव्हीचा आवाज बंद केला. "तुझं नाव टीममधून काढलं ते माझं चुकलं. अभ्यासाचं तुझ्याशी बोलता आलं असतं. तुला न विचारता करायला नको होतं. मला माफ कर."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. लेकीने भात खाल्ला, ताट ठेवलं, आणि रिमोट घेऊन आवाज पुन्हा मोठा केला.

शेवटची सात मिनिटं उरली असताना समोरच्यांनी गोल केला. बरोबरी तुटली ती तुटलीच. शिट्टी वाजली तशी ती उशीत तोंड घालून रडू लागली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळाने लेकीने तोंड वर केलं. "यू न्यू, राइट? आज तुम्ही रेफरीवर एकदा पण ओरडला नाही."

"अंकलने कॉफी दिली," मी म्हणालो.

ती रडता रडताच हसली. "म्हणून हाफटाइमला सॉरी म्हणालात? कारण आपण हरणार होतो?"

"हो. पुढची मॅच नव्हती ना."

तिने नाक पुसलं. "एक्झामनंतर ज्युनिअर कॉलेजला गेले की मी टीममध्ये जाणार. आणि तुम्ही मॅच बघायला यायचं. लाइव्ह. रेकॉर्डिंग नाही."

मी गेलो. जमतील तितके सगळे सामने. पंचांवर ओरडायचं नाही, या अटीवर.

आता ती शिकायला युरोपात आहे. तिथे हेच सामने रात्रीच्या जेवणाच्या वेळी, थेट बघता येतात. तिच्या खोलीच्या खाली एक पब आहे, सामन्याच्या दिवशी तिथला आरडाओरडा सगळ्या गल्लीला ऐकू जातो. पण ती बघत नाही. खिडकी लावून घेते, मी तिच्या बॅगेत भरून दिलेले नारिंगी इअरप्लग कानात घालते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबते, कारण तेव्हा माझे सव्वाआठ वाजलेले असतात. मग व्हिडिओ कॉल लावून आम्ही दोघं एकदमच रेकॉर्डिंग सुरू करतो.

अंकल निवृत्त झाला. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे कॉफीची पिशवी घेऊन गेलो होतो. त्याने आधी घाबरून विचारलं, कोण हरलं? मी म्हटलं, कोणी नाही.

प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला लेक डोळे बारीक करून मला एकच प्रश्न विचारते, "बाबा, आज कोणी कॉफी तर दिली नाही ना?"

"नाही," मी सांगतो, आणि आम्ही सामना सुरू करतो.